सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीत न विचारता सॉफ्टवेअर अपडेट केलं, तेव्हापासून गाडी झटके मारायलीय. काय करू?

औसारोडकर, लातूर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होतंय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहायलोय.

माझी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एएमटी म्हणजे गिअर आपोआप पडणारी, ३९ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम टाकत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाही, मला माझी गाडी नीट पाहिजे बस. मागच्या मंगळवारी सकाळी ४० हजारच्या सर्व्हिसिंगला दिली. जॉब कार्डवर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक क्लीनिंग, अलाइनमेंट आणि एसीचं कूलिंग कमी आहे ते बघणं एवढंच लिहिलेलं, त्याच्यावर मी सही केली. संध्याकाळी सहाला आणायला गेलो तर ॲडव्हायझर म्हणाला सर तुमच्या गाडीला अपडेट पेंडिंग दाखवत होतं ते पण मारून टाकलं, त्याचे पैसे लावले नाहीत. मी म्हणलं बरं झालं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. पहिल्यातून दुसऱ्यात गिअर पडताना झटका बसायलाय, आधी कधी म्हणून कधी बसला नव्हता. चढावर थांबून ब्रेक सोडला की गाडी आधी हळूच पुढं सरकायची, आता क्षणभर मागं येते आणि मग एकदम पुढं उडी मारते. मीटरवर ॲव्हरेज साडेअठरा दाखवायचं ते पंधरावर आलंय. मोबाइलचं ब्लूटूथ गेलं, घड्याळ चुकीचं, रेडिओची सगळी स्टेशनं पुसली, ते मी परत लावून घेतलं त्याचं काही नाही. परत घेऊन गेलो तर म्हणू लागले सर नवीन सॉफ्टवेअर आहे, गाडी शिकते, तुम्हाला पण सवय होईल. बिल काढून बघितलं तर त्याच्यात अपडेटचा एक शब्द नाही. म्हणजे उद्या मी कुणाला दाखवायला गेलो तर माझ्याकडं कागदच नाही की यांनी काही केलं होतं.

मला एवढं लागायलंय त्याचं कारण सांगतो. वडिलांची केमो चालू आहे संभाजीनगरला, दर तीन आठवड्याला न्यावं लागतं, जाऊन येऊन साडेपाचशे किलोमीटर. केमो झाल्यावर त्यांना गाडीत बसवत नाही, मळमळ होते, एकेक झटका त्यांच्या पोटात जातो. परवा परत येताना बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट चढताना ट्रकमागं तीन वेळा थांबावं लागलं, तिन्ही वेळा गाडी मागं आली, मागच्या सीटवर आई त्यांना धरून बसली होती. त्या दिवशी ठरवलं की हे सोडायचं नाही.

तर न विचारता असं अपडेट करायचा त्यांना हक्क आहे का? जुनं सॉफ्टवेअर परत टाकून मिळतं का? आणि नेमकं काय बदललं हे आपल्यासारख्या माणसाला कळायला काही मार्ग आहे का? पुढची फेरी १८ दिवसांनी आहे, त्याच्या आत काहीतरी व्हायला पाहिजे. जाणकारांनी कृपया सांगा.

बारातेराचा पाना, परभणी

दादा आधी वडिलांना लवकर आराम पडो. आता गाडीचं बघू.

मी सहा वर्षं कंपनीच्या वर्कशॉपला काढलीत, आता स्वतःचं गॅरेज आहे. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून ९० टक्के मला वाटायलंय की तुमच्या गाडीचं क्लच लर्निंग राहिलंय. एएमटीमध्ये क्लच तोच असतो आपला साधा, फक्त पायाच्या ऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र तो दाबतं. आता तो क्लच किती सोडला की पकडायला सुरुवात करतो हे त्या गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, म्हणजे टीसीयूला, पाठ असावं लागतं. क्लच प्लेट झिजत जाते तसतसा तो पॉइंट सरकतो आणि टीसीयू तेही लक्षात ठेवत जातो. तुमच्या गाडीनं ३९ हजार किलोमीटरमध्ये जे शिकलं होतं ते अपडेट मारताना पुसलं गेलं असणार आणि आता ती नव्या कोऱ्या क्लचच्या हिशोबानं चालायलीय. म्हणून चढावर पकड उशिरा मिळते, गाडी मागं येते, आणि मग एकदम पकडतो म्हणून उडी.

गाडी शिकते हे त्यांनी सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. थोडंफार चालवून शिकते, बाकीचं अपडेटनंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन, लावून करून घ्यायचं असतं. इंजिन गरम पाहिजे, गाडी सपाट जागी, पाय ब्रेकवर, आणि स्कॅनरमधून क्लच लर्निंग चालवायचं, प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी आहे पण काम अर्ध्या तासाचं आहे. ज्या पोरानं अपडेट मारलं त्याच्या डोक्यावर संध्याकाळच्या आठ डिलिव्हऱ्या असतात, फाइल शंभर टक्के झाली की केबल काढून गाडी वॉशिंगला. मी तिथं काम केलंय म्हणून सांगतो, त्या पोराचा राग धरू नका, त्याला वेळच दिलेला नसतो. पण काम अर्धवट आहे आणि ते पूर्ण करून द्यायला ते बांधील आहेत.

आणखी एक. घड्याळ आणि रेडिओ पण गेला म्हणताय, म्हणजे एकतर बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं नाहीतर इन्फोटेनमेंटचं, म्हणजे रेडिओ आणि मॅपच्या स्क्रीनचं, वेगळं अपडेट मारलंय. इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या फ्लॅशिंगनं, म्हणजे त्यांचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकल्यानं, रेडिओची स्टेशनं जात नाहीत. हे पण विचारा.

जुनं सॉफ्टवेअर परत मिळेल ही आशा सोडा. वर्कशॉपचं टूल कंपनीच्या सर्व्हरला जोडलेलं असतं, चेसिस नंबर टाकला की तुमच्या गाडीसाठी जी ताजी फाइल आहे तीच येते, मागची सहसा मागता येत नाही.

मोसंबीबाग, जालना

माझं मत स्पष्ट आहे, चांगली चालणारी गाडी असेल तर अपडेट करूच देऊ नका. मी गाडी देतानाच सांगतो, स्कॅनर लावायचा नाही, ऑइल बदला आणि द्या. माझ्या डिझेलला दीड लाख किलोमीटर झालेत, एकदा पण सॉफ्टवेअरला हात लावू दिला नाही, अजून रस्त्यावर कुणाला ऐकत नाही.

शेंद्रा सेकंड शिफ्ट, छत्रपती संभाजीनगर

मोसंबीबाग भाऊ, तुमच्या गाडीला झालं नाही हे चांगलंय पण हा सल्ला सगळ्यांना लागू होत नाही, आणि मला तो धोक्याचा वाटतो. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रातच नोकरी करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आजच्या गाडीत एक कॉम्प्युटर नसतो. इंजिनचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा, एबीएसचा, एअरबॅगचा, बॉडीचा म्हणजे लाइट, काच, लॉक हे बघणारा, मीटर कन्सोलचा, इन्फोटेनमेंटचा. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं आणि प्रत्येकाच्या अपडेटचं कारण वेगळं. स्क्रीनवरचा मॅप नवीन करणं आणि एअरबॅगच्या कॉम्प्युटरमधली चूक दुरुस्त करणं ह्या दोन गोष्टींना एकच शब्द वापरतात म्हणून सगळा घोळ आहे.

उदाहरण देतो, हे पेपरात आलेलं आहे. किया कॅरेन्सच्या ४४,१७४ गाड्या ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरबॅग कंट्रोल मॉड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे का हे तपासायला परत बोलावल्या होत्या. त्याच मॉडेलच्या ३०,२९७ गाड्या जून २०२३ मध्ये परत बोलावल्या, मीटर चालू होताना स्क्रीन कोरी राहू शकते म्हणून, आणि इलाज काय तर सॉफ्टवेअर अपडेट. २०२४ मध्ये ह्युंदाई आयोनिक ५ च्या १,७४४ आणि किया ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या चार्जिंग कंट्रोल युनिटसाठी बोलावल्या, ते युनिट बिघडलं तर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायची बंद होऊ शकते, तिथंही सॉफ्टवेअर अपडेट. आता अशा गाडीचा मालक म्हणला की माझ्या गाडीला स्कॅनर लावायचा नाही, तर नुकसान कुणाचं? अपघातात एअरबॅग उघडली नाही तर दीड लाख किलोमीटरचा काय उपयोग.

आणि दुसऱ्या बाजूनं पण सांगतो, सॉफ्टवेअर ही किरकोळ गोष्ट आहे, फ्री आहे म्हणून मारून टाकली, ही वर्कशॉपची समजूत पण तितकीच चूक आहे. २०१५ चं फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. ईए१८९ डिझेल इंजिनाच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आत्ता टेस्ट चालू आहे, मग धुराचं नियंत्रण पूर्ण चालायचं, रस्त्यावर आली की कमी व्हायचं. भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. इंजिन तेच, नळ्या त्याच, काही ओळींचा फरक, आणि त्या ओळींनी धूर बदलत होता. म्हणून माझं म्हणणं एवढंच की एक ऑइल फिल्टर बदलला तर बिलावर पार्ट नंबर येतो, मग गाडीचं डोकं बदललं तर आधीचं व्हर्जन आणि नंतरचं व्हर्जन बिलावर का येऊ नये? युरोपात संयुक्त राष्ट्रांचा आर१५६ हा नियम आहे, जुलै २०२४ पासून तिथं नोंदणी होणाऱ्या सगळ्या नवीन गाड्यांना लागू झालाय, त्यात मोबाइल नेटवर्कवरून येणाऱ्या अपडेटबद्दल तर स्पष्ट आहे की सुरू करायच्या आधी मालकाला कशासाठी, काय बदलणार, किती वेळ लागणार हे सांगायचं. आपल्याकडं वर्कशॉपला हे तोंडी सांगायला दोन मिनिटं लागतात, तेवढं तरी करावं.

औसारोडकर, नेमकं काय बदललं ते कळायचा एक मार्ग आहे. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. तिथं साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर बघता येतं. ॲपमध्ये व्हेइकल इन्फर्मेशन नावाचा भाग असतो, त्यात चेसिस नंबरच्या खाली कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएन दिसतात. कॅलिब्रेशन आयडी म्हणजे कुठली फाइल आहे त्याचं नाव आणि सीव्हीएन म्हणजे त्या फाइलचा अंगठा समजा, आत एक आकडा जरी बदलला तरी सीव्हीएन बदलतो. सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर फोटो काढला की विषय संपला. तुमच्याकडं आधीचा फोटो नसणार, पण आजचा काढून ठेवा, पुढं लागेल.

गोदाकाठचा ड्रायव्हर, नांदेड

माझ्या दोन गाड्या टूरला आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्यावर बेतलेलं सांगतो म्हणजे गाडी देताना लोक काय बघायचं ते बघतील.

एक गाडी रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांत होती, फोन आला म्हणून दिली. दुपारी एकला काम सुरू केलं. मी तिथंच बसलो होतो काचेच्या पलीकडं. बॅटरीला काहीच लावलं नव्हतं, नुसती गाडीच्या बॅटरीवर, आणि लॅपटॉप भिंतीतल्या प्लगला. ४३ डिग्री ऊन, आणि अर्ध्या तासात लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला चार पाच मिनिटं लागली. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मेलेली होती त्यामुळं तो लगेच बंद पडला, आणि गाडी जी मेली ती मेलीच. चावी फिरवली की नुसते मीटरवरचे सगळे दिवे. सात दिवस गाडी तिथं. लोकांचं पंढरपूर आणि तुळजापूरचं बुकिंग होतं ते सगळं मला दुसऱ्याला द्यावं लागलं.

शेवटी कंपनीकडून इंजिनचा कॉम्प्युटर नवा आला. आधी मला म्हणायलेत बॅटरी तुमची जुनी होती, अर्धे पैसे तुम्ही भरा. पण गाडी देताना मी चालू गाडीचा व्हिडिओ काढला होता, मीटरचं रीडिंग, एकही लाल दिवा नाही, सेल्फ एका दमात घेतला, आणि जॉब कार्डवर वेळ होती. तो व्हिडिओ मॅनेजरला दाखवला, त्यानंतर पैशाचा विषय काढला नाही. टूरवाल्यांना व्हिडिओची सवय असते, घरच्या गाडीवाल्यांनी पण लावून घ्या.

बारातेराचा पाना, परभणी

गोदाकाठ भाऊ तुमच्यासोबत झालं ते आपल्या भागात सगळ्यात जास्त होतं, कारण एकतर उन्हानं इकडं बॅटऱ्या लवकर जातात आणि दुसरं म्हणजे लाइटीचा भरवसा नाही.

काय होतं ते सांगतो. फ्लॅशिंग करताना आधी जुनी फाइल पुसतात आणि मग नवी तुकड्या तुकड्यानं लिहितात. मधेच करंट गेला तर जुनी पण नाही आणि नवी पण अर्धी. आत एक छोटा कायमचा प्रोग्राम असतो, बूटलोडर, तो शाबूत असला तर परत केबल लावून पहिल्यापासून फाइल टाकता येते, बऱ्याच वेळा गाडी तशीच वाचते. तो पण उत्तर देईना झाला तर मॉड्यूल बदलण्याशिवाय इलाज नाही.

म्हणून नियम असा आहे की बॅटरीला स्थिर करंट देणारा सप्लाय लावायचा, १३ व्होल्टच्या वर धरून ठेवणारा. गॅरेजमधला साधा फास्ट चार्जर नाही चालत, त्याचा करंट थरथरतो. हेडलाइट बंद, एसी बंद, दारं उघडझाप नाही, कारण चावी ऑन ठेवून इंजिन बंद असताना गाडी बॅटरी खात असते. चांगली भरलेली बॅटरी निवांत उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरली. तीन चार वर्षं झालेली बॅटरी असेल तर मी तर अपडेटच्या आधी बॅटरी टेस्ट करून त्याची स्लिप मागायला सांगतो. आणि ज्या वर्कशॉपला यूपीएस नाही तिथं सरळ म्हणा, लाइट जायची वेळ सोडून करा.

हिंगोलीची हळद

मधेच विचारतो माफ करा. माझ्या गाडीला बाहेरून रिमॅप केलंय पिकअपसाठी, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेतलंय. कंपनीत अपडेट केलं तर ते राहतं का जातं?

शेंद्रा सेकंड शिफ्ट, छत्रपती संभाजीनगर

जातं. इंजिनच्या फाइलवर कंपनीची फाइल बसली की रिमॅप पुसला. आणि वर जो सीव्हीएन सांगितला त्याच्यावरून त्यांना आधीच कळू शकतं की फाइल कंपनीची नव्हती, वॉरंटी शिल्लक असेल तर तिथं अडचण येते. गाडी देतानाच खरं सांगून टाका, लपवून काही उपयोग नाही.

बिंदुसरा, बीड

मी वकिली करतो, ग्राहकांच्या केसेस बघतो. औसारोडकर यांनी हक्काचं विचारलंय त्याच्यावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जॉब कार्डच्या मागं बारीक अक्षरात अटी असतात, त्यात बऱ्याच ठिकाणी आवश्यक ती कामं करायला मालकाची संमती असं मोघम वाक्य असतं, ते आधी वाचून घ्या. पण संमती घेतली म्हणजे काम कसंही करायची मुभा मिळत नाही. काम अर्धवट ठेवणं, केलेलं काम बिलावर न दाखवणं, आणि तक्रार घेऊन आल्यावर सवय होईल म्हणून परत पाठवणं, हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येतं. पैसे अपडेटचे घेतले नाहीत म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी म्हणलं तर ऐकू नका, सर्व्हिसिंगचे पैसे भरलेत आणि अपडेट त्याच सर्व्हिसिंगमध्ये झालंय.

रिकॉलचं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०ए आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू आहेत. म्हणजे सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आधी हे सगळं कंपनीच्या मर्जीवर होतं. तुमचं अपडेट रिकॉलमधलं आहे का नुसती सुधारणा आहे हे लेखी विचारा, दोन्हीत फरक आहे. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकला की कळतं.

आता काय करायचं ते. तोंडी भांडू नका. आज रात्रीच सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा, कॉपी कंपनीच्या कस्टमर केअरला. तारीख, गाडी नंबर, जॉब कार्ड नंबर, मीटर रीडिंग, आधी काय होतं आणि आता काय होतंय, आणि तीन मागण्या: कुठल्या कुठल्या मॉड्यूलला अपडेट केलं ते आधीच्या आणि नंतरच्या व्हर्जनसह लेखी द्या, क्लच लर्निंग करून द्या, माझ्यासोबत टेस्ट ड्राइव्ह घ्या. सात दिवसांत काही झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथं तक्रार नोंदवली की कंपनीच्या वरच्या ऑफिसकडं जाते, माझ्याकडच्या निम्म्या गाडीच्या तक्रारी तिथंच मिटल्यात. त्याच्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, लातूरलाच आहे. दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण तुमच्याकडं १८ दिवस आहेत, तुम्हाला निकालापेक्षा गाडी पाहिजे, म्हणून ईमेल आधी.

औसारोडकर, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी वेळ काढून सांगेल असं वाटलं नव्हतं.

ईमेल काल रात्रीच टाकला बिंदुसरा साहेब, तुम्ही सांगितला तसाच. आणि एक गोष्ट सापडली. माझ्या चुलतभावाकडं तो ब्लूटूथ स्कॅनर आहे, दिवाळीत माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला होता तेव्हा त्यानं बघितलं होतं आणि मला व्हॉट्सॲपला चार स्क्रीनशॉट टाकले होते. दोन तास मागं मागं जाऊन काढले. एकात कॅलिब्रेशन आयडी आहे! आज परत लावून बघितलं तर शेवटची दोन अक्षरं बदललीत आणि सीव्हीएन पूर्ण वेगळा. म्हणजे इंजिनचं पण अपडेट झालंय, ते मला म्हणाले होते फक्त गिअरबॉक्सचं. दोन्ही फोटो ईमेलला जोडून परत पाठवलेत.

ॲव्हरेजचं मात्र अजून कळेना. इंजिनची फाइल बदलली म्हणून साडेतीनचा फरक पडेल का? कुणी म्हणायलंय ई२० मुळं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळं आहे.

बारातेराचा पाना, परभणी

स्क्रीनशॉट सापडला हे लै चांगलं झालं.

ॲव्हरेजचं घाईनं ठरवू नका. मीटरवरचा आकडा पुसला गेला असेल तर तो आता फक्त मंगळवारपासूनचं चालणं मोजायलाय, त्यात तुमचं शहरातलं चालणं आणि घाट. आधीचा साडेअठरा हा हजारो किलोमीटरचा सरासरी होता. शिवाय इंजिनचा कॉम्प्युटर पण पेट्रोल किती सोडायचं ते बारीक बारीक शिकत असतो, ते पण नव्यानं सुरू झालंय. आणि तुमचा एसी आता नीट चालायला लागलाय, उन्हाळा आहे, तो पण खातोच.

ई२० चं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांश कमी असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडतं हे खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला सेट केलेल्या चारचाकीचं ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं. आपल्याच लातूर धाराशिवच्या उसाचं इथेनॉल आहे, शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण ई२० गेल्या मंगळवारी सुरू झालेलं नाही, तुमच्या साडेअठरामध्ये ते आधीच धरलेलं होतं. म्हणून वर्कशॉपवाल्यांनी त्याच्यावर ढकललं तर मान्य करू नका. तसंच सॉफ्टवेअरनं गाडी ई२० ची करून दिली असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका, पाइप आणि रबरी सील सॉफ्टवेअरनं बदलत नाहीत.

एकाच पंपावर एकाच मशीनवर नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल करा, पुढच्या संभाजीनगरच्या फेरीला जाऊन या, आल्यावर तिथंच तशीच फुल करा, आणि किलोमीटरला लिटरनं भागा. मीटर बघू नका.

मोसंबीबाग, जालना

शेंद्रावाले भाऊ, तुम्ही लिहिलेलं एअरबॅगचं वाचून काल मुलाला घेऊन बसलो आणि कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून बघितला. माझ्या गाडीला एक कॅम्पेन, म्हणजे कंपनीनं करून द्यायचं काम, पेंडिंग दाखवायलंय, ब्रेकच्या कॉम्प्युटरचं, दोन वर्षांपासून. सोमवारी नेतो. बॅटरीची स्लिप आणि सप्लाय लावा हे दोन्ही सांगणार आहे.

औसारोडकर, लातूर

अपडेट देतोय, जवळपास तीन आठवड्यांनी.

ईमेलनंतर तिसऱ्या दिवशी फोन आला, मॅनेजर स्वतः बोलले. शनिवारी गेलो. आधी त्यांच्या टेस्ट ड्राइव्हवाल्याला शेजारी बसवून बार्शी रोडच्या पुलाच्या चढावर नेलं, गाडी थांबवली, ब्रेक सोडला, मागं आली. तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. मग स्कॅनर लावला. हिस्टरीमध्ये इंजिन, टीसीयू आणि इन्फोटेनमेंट तिन्हीला त्या दिवशी अपडेट मारलेलं दिसलं आणि क्लच लर्निंग केलेलं नव्हतं. पाना दादा तुम्ही परभणीत बसून सांगितलं ते तंतोतंत निघालं.

बॅटरी मोजायला सांगितली तर १२.३ आली. मी म्हणलं सप्लाय लावल्याशिवाय हात लावायचा नाही. लावला. ४० मिनिटं लागली. परत त्याच पुलावर गेलो, गाडी जागची हलली नाही मागं, हळूच पुढं सरकली, पहिली सारखी. तिथंच आईला फोन केला.

व्हर्जनचं छापील देता येत नाही म्हणू लागले, सिस्टिमच्या बिलात तो रकानाच नाही. मग मी जॉब कार्डच्या मालकाच्या प्रतीवर स्क्रीनवरून बघून तिन्ही मॉड्यूलची आधीची आणि नंतरची व्हर्जन पेननं लिहिली आणि खाली ॲडव्हायझरची सही आणि शिक्का घेतला. त्यानं पण कुरकुर न करता दिला. अपडेट कशाचं होतं विचारलं तर रिकॉल नव्हतं, थंड इंजिनवर आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, वरखाली होण्याची काही तक्रार होती त्याच्यासाठी होतं. माझ्या गाडीला ती तक्रार कधी नव्हती.

काल संभाजीनगरला जाऊन आलो. टाकी फुल टू फुल १७.८ आलं, एसी पूर्ण वेळ चालू होता. वडील येताना नेकनूरपर्यंत झोपले होते.

हिंगोलीची हळद

लै बरं वाटलं वाचून. तो स्क्रीनशॉटवाला स्कॅनर कुठला घेतला होता तुमच्या चुलतभावानं, आणि ॲप फुकटचं चालतं का?

औसारोडकर, लातूर

साधा ईएलएम३२७ आहे, ऑनलाइन मागवला होता, ॲप फुकटचंच आहे. फक्त एक सांगतो, त्याच्यात कोड पुसायचं बटण असतं ते वर्कशॉपला जायच्या आधी दाबू नका, चुलतभावानं दिवाळीत दाबलं होतं आणि तेव्हा दिवा नेमका कशानं लागला होता ते नंतर कुणालाच कळलं नाही. बघायचं, फोटो काढायचा आणि काढून ठेवायचा.